चौदा पाने लिहिली, पण निर्णय झाला नाही

प्रश्न

एका कारखान्याच्या देखभाल विभागात बरीच वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केल्यावर नुकत्याच पर्यवेक्षक झालेल्या एका वाचकांचे हे पत्र आहे. थंड पाणी पुरवणारा त्यांच्या विभागातील पंप तीन महिन्यांत पाच वेळा बंद पडला आणि त्यात एकूण १९ तास काम थांबले. प्रत्येक वेळी बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग) बदलून पंप चालू करण्यात आला. परंतु पंपाच्या पायाला तडा गेला आहे, त्यामुळे अलाइनमेंट (पंप आणि मोटर यांचे दांडे एका रेषेत असणे) टिकत नाही आणि म्हणूनच बेअरिंग जातात, हे वाचकांच्या लक्षात आले. त्यांनी मेहनतीने चौदा पानांचा अहवाल लिहून व्यवस्थापकांना दिला. दोन आठवडे उत्तर आले नाही. त्यानंतर पंप सहाव्यांदा बंद पडला आणि बैठकीत व्यवस्थापकांनी सर्वांसमोर विचारले, “हे आधी का सांगितले नाही?” पायाच्या तड्याची माहिती अहवालाच्या अकराव्या पानावर होती. त्याच बैठकीत, पाचव्या दुरुस्तीनंतर वाचकांनी फोनवरील गटात टाकलेला “पंप ३ ठीक आहे, चालू केला” हा संदेशही वाचून दाखवण्यात आला. वाचक विचारतात : “माझे शिक्षण तांत्रिक आहे, भाषा कमी पडते. औपचारिक लेखन कसे शिकावे? फोनवरचे संदेश आणि छोटी टिपणे बंद करून यापुढे सगळे औपचारिकच लिहावे का? एक सहकारी म्हणतात की साहेब वाचतच नाहीत तर लिहायचे कशाला, तोंडी सांगून मोकळे व्हावे. त्यांचे ऐकावे का?”

उत्तर

तुमची भाषा कमी पडते, हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच पाठवला आहे. तुमच्या पत्रातील दुसऱ्या परिच्छेदात पाया, तडा, अलाइनमेंट आणि बेअरिंग यांचा संबंध तुम्ही चार वाक्यांत असा सांगितला आहे की, तो पंप कधीही न पाहिलेल्या माणसालाही तो एका वाचनात समजावा. ज्यांना हे जमते, त्यांची भाषा कमी पडत नाही. पत्र लिहिताना तुमच्यासमोर एक अनोळखी वाचक होता, त्याला काय माहीत नाही याचा अंदाज तुम्हाला होता आणि त्याच्याकडून काय हवे आहे हेही स्पष्ट होते. अहवाल लिहिताना मात्र समोर जणू परीक्षक बसले होते. आपण किती खोलात गेलो, किती मोजमापे घेतली, किती कष्ट केले, हे त्यांना दिसावे म्हणून तुम्ही लिहीत गेलात. ही भावना अगदी स्वाभाविक आहे. नव्याने जबाबदारीच्या जागी आलेल्या बहुतेकांचे पहिले अहवाल असेच लिहिले जातात. पण तुमच्या व्यवस्थापकांना तुमची परीक्षा घ्यायची नव्हती. पंप बंद ठेवून पाया दुरुस्त करायचा की नाही, एवढे त्यांना ठरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारी माहिती त्यांच्या हाती पहिल्या मिनिटात पडली नाही.

पत्रासोबत तुम्ही अहवालाचे पहिले पान जोडले आहे, म्हणून त्याच पानावर काम करू. त्याची सुरुवात अशी आहे :

“उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की, पंप क्रमांक ३ हा आपल्या कारखान्यातील अत्यंत महत्त्वाचा पंप असून तो अनेक वर्षांपासून सेवेत आहे. सदर पंपाच्या कार्यप्रणालीचे अवलोकन केले असता काही बाबी निदर्शनास आल्या असून, त्यांचा सविस्तर ऊहापोह पुढील पानांवर करण्यात आला आहे.”

या दोन वाक्यांत एकही चूक नाही, आणि व्यवस्थापकांना आधी माहीत नव्हती अशी एकही गोष्ट नाही. पंप महत्त्वाचा आहे हे त्यांना ठाऊक आहे. “काही बाबी” कोणत्या, हे पुढे कुठेतरी कळणार आहे. पण नेमके कुठे, याचा पत्ता नाही. विषयाच्या ओळीत तुम्ही “पंप क्रमांक ३ बाबत अहवाल” असे लिहिले आहे. ज्यांच्याकडे रोज अशा विषयांचे अनेक कागद येतात, ते हा कागद “सवडीने पाहू” अशा गठ्ठ्यात ठेवतील, यात नवल नाही. आता हीच सुरुवात, तुमच्याच पत्रातील माहिती घेऊन, मी पुढीलप्रमाणे केली असती :

“विषय : पंप ३ चा पाया दुरुस्त करण्यासाठी दोन दिवसांच्या शटडाऊनला मंजुरी मिळण्याबाबत.

पंप ३ गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा बंद पडला आणि त्यात एकूण १९ तास काम थांबले. पाचही वेळा आम्ही बेअरिंग बदलले. परंतु बेअरिंग खराब होणे हा परिणाम आहे, मूळ कारण पंपाच्या पायाला गेलेला तडा हे असावे, असे माझे मत आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर केलेले अलाइनमेंट काही दिवसांतच बिघडल्याचे मोजमापांत दिसते (परिशिष्ट १). पाया दुरुस्त होईपर्यंत पंप पुन्हा बंद पडण्याची शक्यता आहे, आणि तो केव्हा बंद पडेल हे आपल्या हाती नसेल. दुरुस्तीसाठी पंप दोन दिवस थांबवावा लागेल. त्या काळात कोणते काम चालू ठेवता येईल याचा तक्ता परिशिष्ट २ मध्ये दिला आहे. येत्या २० तारखेपूर्वी शटडाऊनचा दिवस ठरवून मिळावा, ही विनंती.”

शब्द सगळे रोजच्या वापरातले आहेत, तरीही हा मजकूर पूर्णपणे औपचारिक आहे आणि तो कोणत्याही फायलीत सन्मानाने बसेल. काय घडले, ते का घडत असावे, हे मला कशावरून वाटते, काहीच केले नाही तर काय होईल आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे व कधीपर्यंत, एवढ्या गोष्टी त्यात आल्या आहेत. व्यवस्थापकांनी इथेच वाचन थांबवले तरी ते निर्णय घेऊ शकतात, किंवा निदान तुम्हाला बोलावून नेमका प्रश्न विचारू शकतात. तुमची बाकीची तेरा पाने वाया जात नाहीत. ज्यांना शंका येईल, त्यांच्यासाठी ती मागे परिशिष्टांत राहतात.

महत्त्वाची गोष्ट खाली दडली की काय होते, याचे एक उदाहरण सर्व क्षेत्रांतल्या अहवाल लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया हे अंतराळयान उड्डाण करत असताना इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि आपले निष्कर्ष सादरीकरणाच्या पानांवर मांडून नासाच्या अधिकाऱ्यांना दिले. त्यातील एका पानाचे शीर्षक वाचणाऱ्याला असे वाटावे की चाचण्यांची जुनी माहिती सुरक्षिततेच्याच बाजूने बोलते आहे. त्याच पानाच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांतल्या उपमुद्द्यांमध्ये, खरी गोष्ट होती : ज्या चाचण्यांवर हा अंदाज बेतला होता, त्यांतील तुकड्याचे आकारमान ३ घन इंच होते, आणि प्रत्यक्षातल्या तुकड्यासाठी पानावर लिहिलेला आकडा १९२० घन इंच होता. म्हणजे ६४० पट. जुन्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान हवेत फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताच्या चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात या पानाचा मुद्दाम परामर्श घेतला, आणि ते वाचणाऱ्या वरिष्ठांना जीविताच्या धोक्याची जाणीव का झाली नसेल हे सहज समजण्यासारखे आहे, असा अभिप्राय दिला. आकडा कोणी लपवला नव्हता, तो पानावर छापलेला होता. तुमचा तडाही अकराव्या पानावर होताच.

या उदाहरणाकडे मी तुमचे लक्ष वेधते आहे ते शीर्षकासाठीही. शीर्षक आणि विषयाची ओळ या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या जागा आहेत, आणि आपण त्या सर्वांत कमी विचार करून भरतो. “मासिक अहवाल”, “भेटीचा अहवाल”, “तपासणीबाबत” अशी शीर्षके कागदाचा प्रकार सांगतात, आशय सांगत नाहीत. “तपासणी पूर्ण, दोन यंत्रांचे सुरक्षा-कठडे सैल” असे शीर्षक दिले, तर कागद उघडण्याआधीच निम्मे काम होते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सगळेच औपचारिक लिहावे का? माझे उत्तर ठामपणे नाही असे आहे. तसे केलेत तर तुमचा दिवस कागद सजवण्यात जाईल, वाचणाऱ्यांचा दिवस ते उलगडण्यात जाईल, आणि ज्या दिवशी खरोखर गंभीर अहवाल द्यायचा असेल त्या दिवशी तो इतरांसारखाच दिसेल. अहवाल किती औपचारिक असावा हे विषयाच्या गांभीर्यावरून किंवा वाचणाऱ्याच्या हुद्द्यावरून ठरवू नका. तो कागद किती दूर जाणार आहे, यावरून ठरवा. जो अहवाल तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, विषय माहीत असलेली आणि शंका आल्यास तुम्हाला हाक मारू शकणारी व्यक्ती आज वाचणार आहे, तो अनौपचारिक असला तरी पुरतो. तिथे प्रस्तावना नको, पार्श्वभूमी नको, मुखपृष्ठ तर नकोच. अर्ध्या पानाचे टिपण किंवा एक ईमेल पुरे. पण जो कागद तुम्हाला न ओळखणारे लोक वाचणार आहेत, कदाचित वर्षभराने, कदाचित तुम्ही त्या जागेवर नसताना, लेखापरीक्षणात, विम्याच्या दाव्यात किंवा अपघाताच्या चौकशीत, त्या कागदाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. त्यात विषयाची पार्श्वभूमी, माहिती कशी गोळा केली याची पद्धत, व्याख्या, मर्यादा आणि स्वाक्षरी हे सगळे लागते, कारण शंका विचारायला समोर तुम्ही नसता. औपचारिक अहवालाचा सगळा साज या एका गरजेतून आला आहे.

म्हणून तुमचा पंपाचा अहवाल औपचारिक लिहिण्याचा निर्णय बरोबरच होता. तो खर्च मंजूर करणाऱ्यांपर्यंत आणि बांधकाम करणाऱ्यांपर्यंत जाणार होता.

फोनवरच्या संदेशाची गोष्ट मात्र थोडी अधिक विचार करण्याजोगी आहे. अनौपचारिक मजकूर किती दूर जाईल हे लिहिताना नेहमीच कळत नाही. तुम्ही रात्री दुरुस्ती संपवून “पंप ३ ठीक आहे, चालू केला” असे लिहिलेत, ते पुढच्या पाळीच्या लोकांसाठी होते, आणि त्यांच्यापुरते ते पुरेसे होते. बैठकीत तोच संदेश वेगळ्या लोकांनी, वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला. संदेश पाठवणे बंद करणे हा यावरचा उपाय नाही. ते बंद केलेत, तर पुढच्या पाळीला काहीच कळणार नाही. पण हाच संदेश असा असता तर? “पंप ३ रात्री १०.४० ला चालू केला. बेअरिंग बदलले आहे. पायाचा तडा तसाच असल्याने हा उपाय तात्पुरता आहे. रात्रपाळीने दर दोन तासांनी बेअरिंगचे तापमान पाहावे.” लिहायला अर्धा मिनिट जास्त लागला असता. अनौपचारिक लेखनात नमस्कार, मथळे, क्रमांक आणि पार्श्वभूमी सोडून दिली तरी चालते. वेळ, काय केले, काय राहिले आणि आपल्याला किती खात्री आहे, हे सोडून चालत नाही. “ठीक आहे” हे शब्द काम संपले की हाताशी लगेच येतात, आणि त्यांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो, म्हणून ते शक्य तितके टाळावेत.

ईमेलच्या बाबतीतही हेच आहे. एका ईमेलमध्ये एकच विषय ठेवा. पंपाची तक्रार, सुट्यांचे वेळापत्रक आणि हातमोज्यांची मागणी एकत्र पाठवली, तर उत्तर तिसऱ्या गोष्टीचे येते आणि पहिली बुडते.

तुमच्या अहवालातील आणखी एका गोष्टीवर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण ती जवळपास प्रत्येक कार्यालयात दिसते. पहिल्याच पानावर “निदर्शनास आले”, “दुर्लक्ष झाल्याचे आढळते”, “वेळोवेळी दुरुस्ती करण्यात आली” अशी वाक्ये आहेत. ती सभ्य वाटतात, कोणाला दुखवत नाहीत, पण त्यांत माणूसच नाही. कोणाच्या निदर्शनास आले? मोजून, पाहून की ऐकून? दुरुस्ती कोणत्या तारखांना झाली? जिथे कर्त्याचे नाव किंवा विभाग सांगणे आवश्यक आहे, तिथे सरळ सांगावे : “मी १२ तारखेला अलाइनमेंट मोजले”, “दुरुस्ती देखभाल विभागाने केली”. “मी” लिहिल्याने अहवालाचा औपचारिकपणा कमी होत नाही, उलट जबाबदारी स्पष्ट होते.

याच्याच जोडीला, तुम्ही प्रत्यक्ष जे पाहिले वा मोजले, त्यावरून तुम्ही जे अनुमान काढले, आणि तुम्हाला जे करावेसे वाटते, या तीन गोष्टी एका वाक्यात कालवू नका. “पायाला तडा गेल्याने अलाइनमेंट बिघडून बेअरिंग खराब होत असल्याने पाया नव्याने भरणे आवश्यक आहे” हे तुमचे अकराव्या पानावरील वाक्य, जे तुम्ही पत्रात उद्धृत केले आहे, ते या तिन्ही गोष्टी एका दमात सांगते. तडा दिसतो, हे निरीक्षण आहे आणि त्याचे छायाचित्र देता येते. अलाइनमेंट बिघडले, हे मोजमाप आहे. तड्यामुळेच ते बिघडले, हे अनुमान आहे. कदाचित पाइपलाइनचा ताणही कारण असू शकेल, आणि तो तुम्ही तपासला असेल तर तसे लिहायला हवे, नसेल तर तेही लिहायला हवे. पाया नव्याने भरावा, ही शिफारस आहे, आणि तिला पर्याय असू शकतात. हे वेगळे केले की शंका घेणाऱ्या वाचकाला नेमके कशावर बोट ठेवायचे ते कळते. तो तुमच्या शिफारशीशी असहमत झाला, तरी तुमची मोजमापे नाकारू शकत नाही. अनेकांना वाटते की अनिश्चितता कबूल केली तर अहवाल कमकुवत होतो. माझा अनुभव उलटा आहे : ज्या अहवालात “हे आम्ही तपासलेले नाही” असे एखादे वाक्य असते, त्यातील बाकीच्या वाक्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

अपघात किंवा बिघाडाची नोंद करताना तर हे फारच जपावे लागते. आधी वेळेच्या क्रमाने घटना द्यावी, कोणाकडून काय कळले ते त्या त्या व्यक्तीच्या नावे किंवा पदनामाने वेगळे द्यावे, आणि दोष कोणाचा हा विषय त्यात आणू नये. “चालकाच्या निष्काळजीपणामुळे” हे चार दिवसांच्या चौकशीनंतर कदाचित लिहिता येईल. त्याच संध्याकाळी लिहू नये.

आकड्यांविषयी थोडेच सांगते. “वारंवार”, “बराच काळ”, “मोठ्या प्रमाणावर” हे शब्द जिथे दिसतील तिथे आकडा शोधा. आकडा दिला की त्याचा कालावधी आणि तुलना द्या. १९ तास हे जास्त की कमी, हे त्याआधीच्या तीन महिन्यांत किती तास गेले होते त्यावरून कळते.

आता तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला : तोंडी सांगून मोकळे व्हावे. त्यात अर्धे तथ्य आहे आणि ते मी झटकून टाकणार नाही. कोणताही महत्त्वाचा अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर अचानक येऊन पडू नये. आधी भेटून, पाच मिनिटांत, “पंप ३ च्या पायाविषयी मी अहवाल देणार आहे, मला शटडाऊन हवे आहे” असे सांगितले असते, तर त्या कागदाची वाट पाहिली गेली असती. लिहिणे आणि बोलणे यांत निवड करायचीच नाही. १९४० च्या ऑगस्टमध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक टिपण पाठवले होते. अहवाल फार लांब असतात, मुख्य मुद्दे छोट्या आणि नेटक्या परिच्छेदांत द्या, गुंतागुंतीचे विश्लेषण आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, असे त्यात होते. आणि पूर्ण अहवालाऐवजी कधी कधी केवळ मथळ्यांचे टाचण द्यावे, बाकीचे गरजेनुसार तोंडी सांगावे, हेही होते. तुम्हाला व्यवस्थापकांशी याच पद्धतीने वागता येईल : एक पान हातात द्या, आणि समोर बसून बाकीचे बोला.

पण केवळ तोंडी सांगितलेले उद्या उरत नाही. व्यवस्थापक बदलतात, बैठकीत कोणाला काय आठवते यावर वाद होतात, आणि शेवटी सर्वांत कमी अधिकार असलेल्याचे म्हणणे मागे पडते. म्हणून बोलणे झाल्यावर त्याच दिवशी तीन-चार ओळींचे ईमेल पाठवण्याची सवय लावून घ्या : “आज सकाळच्या चर्चेप्रमाणे, पुढील आठवड्यात शटडाऊनची तारीख आपण कळवणार आहात. तोपर्यंत आम्ही रोज कंपन मोजत राहू.” यात कोणावर अविश्वास दाखवला जात नाही, आणि तुमच्या समजण्यात चूक झाली असेल तर ती लगेच दुरुस्त होते.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. उत्तम लिहिलेला अहवालही कधी कधी ऐकला जात नाही. चॅलेंजर या अंतराळयानाच्या रॉकेटचे जोड निकामी होऊ शकतात, ही भीती त्या रॉकेटच्या निर्मात्या कंपनीतील अभियंता रॉजर बॉइसजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी आपल्या वरिष्ठांना लेखी कळवली होती. जोडांच्या समस्येचे गांभीर्य व्यवस्थापनाला पूर्णपणे कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात म्हटले होते, आणि उपाय न झाल्यास मनुष्यहानी होईल, हेही स्पष्ट शब्दांत सांगितले होते. यापेक्षा थेट लिहिणे शक्य नाही. तरीही २८ जानेवारी १९८६ रोजी यानाने उड्डाण केले, जोड निकामी झाला आणि सात जणांचा बळी गेला. चौकशीत मात्र तो कागद समोर आला, आणि धोक्याची कल्पना कोणालाच नव्हती असे म्हणायला जागा उरली नाही. तुमचा अहवाल न वाचण्यात व्यवस्थापकांचीही जबाबदारी आहे, आणि ती सगळी तुमच्या लेखनशैलीवर ढकलून तुम्ही स्वतःला दोष देत बसू नये, असे मला मनापासून वाटते. तुमच्या हातात जे आहे तेवढे तुम्ही नीट करायचे आहे.

मग आता नेमके काय करावे? बैठकीतल्या प्रसंगानंतर, आपण आधीच सांगितले होते हे सिद्ध करणारे खुलाशाचे पत्र लिहावेसे वाटत असेल. ते लिहू नका, किंवा लिहून मोकळे व्हा आणि पाठवू नका. अशा पत्राचा विषय पंप राहत नाही, तुम्ही आणि व्यवस्थापक होता. त्याऐवजी सहाव्या बिघाडाची माहिती मिळवून वरच्या नमुन्याप्रमाणे एक पानाचा नवा अहवाल द्या आणि जुना अहवाल परिशिष्ट म्हणून त्याच्या मूळ तारखेसह जोडा. ती तारीख जे सांगायचे ते सांगेल. देताना व्यवस्थापकांना एक प्रश्न अवश्य विचारा : “अशा विषयांत पहिल्या पानावर तुम्हाला काय दिसायला हवे?” कोणाला खर्च आधी हवा असतो, कोणाला थांबणारे तास, कोणाला सुरक्षिततेचा धोका. हे विचारण्यात कमीपणा नाही, आणि पुढच्या अनेक अहवालांचा वेळ वाचतो.

हे पान पाठवण्यापूर्वी दुसऱ्या विभागातील, पंपाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या. “समजले का?” असे विचारू नका, कारण सगळे हो म्हणतात. एका मिनिटाने पान परत घ्या आणि “यात तुमच्याकडून काय मागितले आहे?” असे विचारा. उत्तर अडखळत आले, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल. याउलट बारकाव्यांसाठी मात्र विषय जाणणाऱ्यालाच दाखवा. ही दोन वेगळी वाचने आहेत.

पूर्ण औपचारिक अहवालाची रचना तुम्हाला कोणत्याही कार्यालयीन नमुन्यात मिळेल : मुखपृष्ठ, सारांश, प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, शिफारशी, परिशिष्टे. तिच्याविषयी एवढेच सांगते की, वाचण्याचा क्रम हा लिहिण्याचा क्रम नसतो. आधी मोजमापे आणि नोंदी लिहून काढा, मग निष्कर्ष, मग शिफारशी, आणि सारांश सर्वांत शेवटी लिहून सर्वांत पुढे लावा. जे सुरुवातीपासून सरळ लिहीत जातात, त्यांचा निष्कर्ष हमखास अकराव्या पानावर पोहोचतो, कारण लिहिताना त्यांनाही तो तिथेच सापडलेला असतो. प्रत्येक शिफारशीसमोर ती कोणी व कधीपर्यंत करायची हे असावे. “योग्य ती कार्यवाही व्हावी” असे लिहिले की ती कोणाचीच राहत नाही.

ज्यांना पंपांशी कर्तव्य नाही, अशा वाचकांनाही यातले बरेच उपयोगी पडेल. प्रगतीचा मासिक अहवाल लिहिताना महिनाभर काय काय केले याची जंत्री देण्याऐवजी मागच्या अहवालानंतर काय बदलले, कुठे अडले आहे आणि कोणाची मदत हवी आहे, हे आधी लिहावे. भेटीचा किंवा दौऱ्याचा अहवाल सकाळी निघाल्यापासून सुरू करू नये. जे कळले ते वर घ्यावे आणि वेळापत्रक हवेच असेल तर शेवटी द्यावे.

तुमच्या अहवालात तुम्ही २० तारीख मागाल. त्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर त्याच विषयाच्या ओळीखाली दोन वाक्यांचे स्मरणपत्र पाठवा आणि भेटीची वेळ मागा. एका बाबतीत मात्र उत्तराची वाट पाहू नका. तडा वाढताना दिसला, कंपन एकदम वाढले किंवा जवळ काम करणाऱ्यांना धोका आहे असे तुम्हाला वाटले, तर आधी फोन करा, तुमच्या अधिकारात बसत असेल तर पंप थांबवा, माणसे दूर करा, आणि मग त्याच पाळीत, वेळ आणि थांबवण्याचे कारण नोंदवून, चार ओळी लिहून पाठवा.